विसरणाऱ्यांची परीक्षा घेण्यापूर्वी

साठी ओलांडलेल्या माणसाचा रक्तदाब आणि साखर आपण नियमाने तपासतो. तशी त्याची स्मरणशक्तीही दरवर्षी सरसकट तपासावी का? तपासणीने कुणाचे काय बिघडते, असे कुणीही सहज म्हणेल. २१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन जवळ आला की ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभागृहांत, विरंगुळा केंद्रांत आणि रुग्णालयांत स्मृती-तपासणीची शिबिरे भरू लागतात. ती भरवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण वृद्धांच्या स्मृतीवर गेल्या पन्नास-साठ वर्षांत झालेले संशोधन नीट पाहिले, तर या प्रश्नाला सरळ ‘हो’ म्हणता येत नाही आणि सरळ ‘नाही’ही म्हणता येत नाही. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढचे लोक १ कोटी ११ लाखांच्या घरात होते, आणि तेव्हापासून ही संख्या वाढतच गेली आहे. इतक्या माणसांबाबत धोरण ठरवायचे तर दोन्ही बाजूंचे म्हणणे पुरते ऐकून घेतले पाहिजे.

आधी तपासणीच्या बाजूने. या पक्षाच्या हाती भक्कम आकडे आहेत. भारतातील वृद्धत्वाचा ‘लासी’ नावाने ओळखला जाणारा दीर्घकालीन अभ्यास मुंबईच्या देवनारमधली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, हार्वर्डचे सार्वजनिक आरोग्य विद्यालय आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ मिळून चालवतात. २०१७-१८च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढच्या सुमारे ७२ हजार लोकांची माहिती गोळा झाली. त्यांतल्या साठीपुढच्या चार हजारांहून अधिक जणांची स्मृती, भाषा, लक्ष आणि आकलन यांची स्वतंत्र, सविस्तर तपासणी झाली. दिल्लीच्या एम्सचा तिच्यात मोठा वाटा होता. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असावा. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त निघाले. यांतल्या बहुतेकांच्या हाती निदानाचा कागद कधी पडलेलाच नाही.

आकड्यांहूनही मोठा मुद्दा आहे तो दुखणे लपून राहण्याचा. मुलगा बँकेचे पाहतो, सून स्वयंपाकाचे, नातू मोबाइलवरून विजेचे बिल भरतो. आजोबांनी किंवा आजींनी डोके चालवावे असे काम घरात उरतच नाही, त्यामुळे घसरण कुणाला दिसत नाही. ती दिसते अडचण उभी राहिल्यावर. बँकेत सही जुळेनाशी होते, नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला राहून जातो, रक्तदाबाची गोळी एकाच सकाळी दोनदा घेतली जाते, रोजच्या देवळातून परतताना गल्ली चुकते. तेव्हाही ‘आता वय झालं’ म्हणून विषय संपवला जातो. १९९८मध्ये कोचीच्या बैठकीतून उभ्या राहिलेल्या ‘१०/६६’ या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाला हाच अनुभव आला. चेन्नई आणि वेल्लोरच्या परिसरात त्यांनी एकाच लोकसंख्येला दोन कसोट्या लावल्या. पाश्चात्त्य व्याख्येनुसार निदान करायचे तर रोजचे व्यवहार अडू लागल्याचे कुणीतरी सांगावे लागते. त्या कसोटीने स्मृतिभ्रंश एका टक्क्याच्याही आत निघाला. तिथल्या परिस्थितीचा विचार करून बनवलेल्या दुसऱ्या कसोटीने तो कित्येक पटींनी जास्त निघाला. घर म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेते, आणि सांभाळून घेता घेता त्याचे दुखणे झाकूनही टाकते. मग बाहेरच्या कुणीतरी मुद्दाम येऊन विचारायला नको का, हा तपासणीवाल्यांचा प्रश्न रास्त आहे.

शिवाय विसरायला होण्याची सगळीच कारणे असाध्य नसतात. बी-१२ची कमतरता, मंदावलेले थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडून डोक्याला मार लागल्यावर हळूहळू साचत गेलेले रक्त यांपैकी काही निघाले, तर उपचाराने माणूस बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकतो. आणि कारण असाध्य निघाले तरी वेळेवर कळलेले बरे. मृत्युपत्र, खात्यावरचे नामांकन, पुढे कुणाकडे राहायचे, कोणते उपचार घ्यायचे आणि कोणते नाहीत, हे ठरवण्याचा पहिला हक्क ज्याचे आयुष्य त्याचा आहे. निदान उशिरा झाले की हे सारे निर्णय त्याच्या वतीने दुसरेच घेतात.

इतके ऐकल्यावर शिबिरे वाढवा, असेच वाटेल. पण दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे, आणि ते ‘आपण नेमके काय मोजतो’ इथपासून सुरू होते.

वय वाढले की सगळी बुद्धी सारखी उतरत नाही. वॉर्नर शाई यांनी १९५६मध्ये सिएटलमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात त्याच त्या माणसांची दर सात वर्षांनी पुन्हा चाचणी होत गेली. विचारांचा वेग लवकर मंदावू लागतो, नवी माहिती टिपणे जड जाते, ओळखीचे नाव ओठावर येऊन अडते. शब्दसंपदा आणि आयुष्यभराचे साठलेले ज्ञान मात्र साठीतही टिकून असते, कित्येकांचे पुढेही टिकते. याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. आजच्या पंचविशीतल्यांची तुलना आजच्या सत्तरीतल्यांशी केली की वयाचा तोटा असतो त्याहून मोठा दिसतो, कारण दोन पिढ्यांचे शिक्षण, आहार आणि आरोग्य वेगवेगळे असते. माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या गुणांशी केली तर बहुतेक क्षमतांतली सरासरी घसरण साठीच्या आधी फारशी दिसत नाही. आपल्याकडे हा धडा जास्तच लागू पडतो. आज ऐंशीच्या घरात असलेल्या किती बायकांना शाळा पाहायला मिळाली?

प्रत्यक्ष चाचणी कशी असते ते जवळून पाहू. १९७५मध्ये फोलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली तीस गुणांची चाचणी जगभर वापरली जाते. आज वार कोणता, तारीख कोणती? तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. शंभरातून सात वजा करा, उरतील त्यातून पुन्हा सात, असे पाच वेळा. कागदावरची सूचना वाचा आणि तसे करा. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेले हे दोन पंचकोन पाहा आणि शेजारी तसेच काढा. निवृत्त शिक्षकाला यातले काही अवघड नाही. त्याचा आजार बराच पुढे गेलेला असला तरी तो यात निभावून जाऊ शकतो. जिने आयुष्यभर शेतात आणि चुलीपुढे काम केले आणि पेन्सिल कधी हातात धरली नाही, ती आजी मात्र पंचकोनापाशी थांबते. तिने बाजारात पाच भाज्यांचा हिशेब तोंडी केला असेल, सतरा नातवंडांच्या जन्माच्या वेळी पाऊसपाणी कसे होते तेही तिला सांगता येत असेल. कागदावर तिचे गुण कापलेच जातात.

ही अडचण संशोधकांना फार पूर्वीच उमगली होती. मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांसाठी १९९५मध्ये या चाचणीचे हिंदी रूप प्रसिद्ध केले. त्यात सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे सांगून परीक्षक स्वतः डोळे मिटून दाखवतो. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचे असते. इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट म्हणण्याऐवजी वारांची नावे उलटीकडून घ्यायची असतात. चाचणी माणसाच्या जगण्याजवळ नेण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही भारतीय भाषांसाठी स्मृती व आकलनाच्या चाचण्यांचा संच तयार केला. तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झाला; त्या पाचांत मराठी नव्हती. मराठीतही पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या निवृत्त कारकुनाचे, धुळ्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्याचे आणि गडचिरोलीच्या गोंडी बोलणाऱ्या आजीचे मोजमाप एकाच पट्टीने कसे घ्यायचे, याचा विचार व्हायला हवा.

पट्टी बदलली की आकडे किती बदलतात हे आपल्याच देशातल्या पाहण्यांतून दिसते. बल्लभगडच्या १९९८च्या पाहणीत पासष्टीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.३६ टक्के निघाले, मुंबईतल्या २००१च्या पाहणीत २.४४ टक्के, आणि लासीच्या २०२३च्या निष्कर्षात साठीपुढच्यांतच ७.४ टक्के. माणसे जास्त जगू लागली हे एक कारण आहेच. पण निदानाची व्याख्या, प्रश्नांची भाषा आणि घरच्यांना काय विचारले गेले, यांचाही त्यात मोठा वाटा आहे. म्हणून ७.४ टक्के हा आकडा धोरणाला पुरेसा आधार देतो. तो घेऊन एकेका माणसाचे भविष्य वर्तवता येत नाही.

एकाच माणसाचे गुणही परिस्थितीनुसार हलतात. लिन हॅशर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत वृद्धांची स्मृती सकाळी सर्वांत चांगली चालली आणि दिवस कलू लागला तशी मंदावली. तरुणांचे उलटे दिसले. २००१च्या दुसऱ्या एका प्रयोगात ‘ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे’ असे ठसवून सांगितले तेव्हा वृद्ध तरुणांच्या मागे पडले. स्मृतीचा उल्लेख टाळून तेच काम दिले तेव्हा अंतर दिसेनासे झाले. हे प्रयोग लहान होते आणि वयाबरोबर स्मृती मंदावते हे त्यांनी खोडलेले नाही. पण दुपारी चार वाजता, पंख्याच्या घरघरीत, कानाला कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत तीन शब्द विचारले आणि त्यांना दोनच आठवले, तर त्या दोन गुणांमागे वय, कान, संकोच आणि आजार यांपैकी काय आहे हे त्या कागदावरून कळत नाही.

आता साधा हिशेब करू. समजा, साठीपुढच्या एक हजार लोकांची तपासणी केली आणि त्यांतल्या ७४ जणांना खरोखर स्मृतिभ्रंश आहे. समजा, चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे: शंभर आजाऱ्यांपैकी ८५ ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी ८५ जणांना निरोगी ठरवते. ती ७४पैकी सुमारे ६३ जणांना पकडेल आणि ११ जणांना सोडून देईल. उरलेल्या ९२६ निरोगी माणसांतल्या सुमारे १३९ जणांवरही ती संशयाचा शिक्का मारेल. म्हणजे ‘पुढे दाखवा’ असे सांगितलेल्या दोनशे जणांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांना तो आजार नसेल. दुसऱ्या टप्प्यावर तज्ज्ञाने तपासले की ही चूक दुरुस्त होते, हे खरे. पण तो तज्ज्ञ आणायचा कुठून? देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ पुरता एकही येत नाही, आणि जे आहेत ते बहुतांशी शहरांत आहेत. तालुक्याच्या गावी चिठ्ठी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दुसरा टप्पा गाठेपर्यंत कित्येक महिने भीतीत काढावे लागतात.

साधनसंपन्न देशांतही या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही. अमेरिकेतील प्रतिबंधात्मक सेवांविषयीच्या तज्ज्ञगटाने फेब्रुवारी २०२०मध्ये म्हटले, की कोणतीही लक्षणे नसलेल्या वृद्धांची सरसकट तपासणी करावी की नाही हे सांगण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. त्याच सुमारास इंडियाना राज्यातल्या चार हजार वृद्धांवरील चाचणी-प्रयोगाचे निष्कर्ष आले. तपासणी झालेल्यांचे आणि न झालेल्यांचे जीवनमान वर्षभराने सारखेच होते. तपासणीमुळे चिंता किंवा नैराश्य वाढल्याचेही आढळले नाही. तपासणीने माणसे हादरून जातात, या भीतीला तिथे तरी आधार मिळाला नाही. हे विरोधकांनी मान्य केले पाहिजे. आणि संशय निघालेल्यांपैकी बहुतेकांनी पुढची सविस्तर तपासणी नाकारली, हे समर्थकांनी. पुढे काही करायचेच नसेल किंवा करता येणारच नसेल, तर नुसती तपासणी कुणाचेच आयुष्य बदलत नाही.

आपल्याकडे एक धोका वेगळा आहे. वृद्धाच्या नावावर बहुधा घर असते, शेत असते. ‘आठवत नाही’ असे लिहिलेला एक कागद वाटणीच्या भांडणात, बक्षीसपत्राच्या वादात किंवा आईचे पासबुक कुणाकडे राहावे या प्रश्नात हत्यार होऊ शकतो. तीस गुणांच्या चाचणीत वीस मिळाले म्हणून माणसाची निर्णयक्षमता संपली असे होत नाही. तारीख चुकणाऱ्या आजीला कोणत्या मुलाकडे राहायचे हे पक्के ठाऊक असू शकते. पण कागद एकदा घरात आला की तिचे म्हणणे ऐकून घेणारे कान कमी होतात.

मग तपासणीनंतर माणसाला देण्यासारखे आपल्या हाती काय आहे? सगळ्यांत आधी औषधे येतात, कारण आशा तिथेच लागलेली असते. अल्झायमरवरच्या लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. आजार अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर असलेल्यांत दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. ही संशोधनाची मोठी मजल आहे. तरीही अठरा गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहून कमी होता, आठापैकी एका रुग्णाच्या मेंदूच्या चित्रणात सूज आढळली, आणि अमेरिकेतली वर्षाची किंमत साडेसव्वीस हजार डॉलर ठरवली गेली. मे २०२५मध्ये तिथे अल्झायमरच्या रक्तचाचणीलाही मंजुरी मिळाली, तीही स्मृतीची लक्षणे असलेल्यांपुरती. तब्येतीची काहीच तक्रार नसलेल्यांना चाळून काढण्यासाठी ती मंजूर झालेली नाही.

दुसरा मार्ग मेंदूच्या व्यायामाचा. त्याचा बाजार मोठा आहे, पुरावा त्या मानाने लहान. अमेरिकेतल्या ‘ॲक्टिव्ह’ या प्रयोगात पासष्टीपुढचे सुमारे २,८०० लोक होते; तुलनेचा गट सोडून बाकीच्यांना स्मृती, तर्क किंवा वेग यांपैकी एकाचे दहा सत्रांचे प्रशिक्षण मिळाले. दहा वर्षांनी पाहिले तर तर्काचे आणि वेगाचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा त्या त्या कौशल्यातला फायदा काही अंशी टिकला होता, स्मृतीचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा टिकला नव्हता. म्हणजे सरावाचा उपयोग होतो, पण मुख्यतः ज्याचा सराव करावा त्यातच. मेंदूचे खेळ विकणाऱ्या लुमोसिटीवर दिशाभूल करणारे दावे केल्याचा ठपका ठेवून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६मध्ये तिच्याकडून २० लाख डॉलर वसूल केले. सकाळी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवण्यात आनंद आहे, तो जरूर घ्यावा. त्याने स्मृतिभ्रंश टळेल असे सांगून कुणी पैसे मागू लागले, तर ते देऊ नयेत.

तिसरा मार्ग रोजच्या जगण्याचा, आणि सर्वांत जास्त आधार यालाच आहे. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांनी दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असा एकत्रित कार्यक्रम पाळला. २०१५च्या अहवालानुसार नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या गुणांत जास्त सुधारणा झाली. अमेरिकेतील २,१११ जणांवरच्या अशाच प्रयोगात आखीव कार्यक्रमाचा गट पुढे राहिला, पण आपले आपण करणाऱ्या गटाचीही प्रगती झाली, आणि दोहोंतले अंतर लहानच होते. त्याचे निष्कर्ष २०२५मध्ये आले. श्रवणयंत्रांचेही तसेच. सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ जणांवरील २०२३च्या प्रयोगात सर्वांचा मिळून फरक पडला नाही. ज्यांना मुळात जास्त धोका होता त्यांच्यात मात्र तीन वर्षांतली घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाची चौदा कारणे मोजली. त्यांत बालपणीचे अपुरे शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, एकटेपणा, दृष्टिदोष आणि वाढलेले कोलेस्टेरॉल आहेत. ही कारणे दूर झाली तर तत्त्वतः जगातला ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे. समाजाला लागू पडणारा हा अंदाज आहे. एखाद्याने सगळे पाळले आणि तरीही आजार गाठलाच, तर तो त्याचा दोष नव्हे. पण यांतल्या बहुतेक गोष्टी करायला स्मृतीची चाचणी आधी व्हावी लागत नाही, हेही तितकेच खरे. मोतीबिंदू काढायला आणि रक्तदाबाची गोळी द्यायला पंचकोन काढून घ्यावा लागत नाही.

आणि ज्या घरात आजार आलाच आहे, तिथे काय करायचे? याचे उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात शोधले गेले. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये ८१ कुटुंबांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठे यंत्र नव्हते, महागडे औषध नव्हते. स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवले गेले. त्यांनी आजाराची माहिती दिली, चिडचिड आणि रात्रीचे जागरण कसे हाताळायचे ते दाखवले, सरकारी योजनांचे अर्ज भरायला मदत केली आणि गरज पडली तेव्हा मनोविकारतज्ज्ञाशी गाठ घालून दिली. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य सुधारले, त्यांच्यावरचा ताण हलका झाला. रुग्णांच्या रोजच्या क्षमतांत ठळक फरक दिसला नाही, आणि प्रयोगही लहान होता. तरी रात्री तीनदा उठून सासऱ्यांना परत अंथरुणावर आणणाऱ्या सुनेला कुणीतरी विचारायला येते, हे लहान काम नव्हे. आपल्याकडे स्मृतिभ्रंशाचे बहुतेक ओझे अशाच बायकांच्या खांद्यावर आहे.

दोन्ही बाजू तोलून पाहिल्यावर आमचे मत असे, की लक्षणे नसलेल्या सर्व ज्येष्ठांची सरसकट स्मृती-तपासणी आज महाराष्ट्राने हाती घेऊ नये. त्याच वेळी, ‘वय झालं’ म्हणून विसरण्याकडे दुर्लक्ष करण्याची सवयही चालू ठेवता येणार नाही. माणसाने स्वतः किंवा घरच्यांनी तक्रार केली, पैशांच्या व्यवहारात नव्या चुका दिसू लागल्या, ओळखीचा रस्ता चुकला, रुग्णालयातल्या मुक्कामात एकाएकी भ्रम झाला, पक्षाघात होऊन गेला, तर तपासणी तातडीने व्हावी आणि ती त्याचा हक्क समजली जावी. चाचणी सकाळी, शांत खोलीत, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून, माणसाच्या स्वतःच्या बोलीत घ्यावी. गुणांवर निर्णय देण्याआधी कान, डोळे, बी-१२, थायरॉइड, मनःस्थिती आणि चालू असलेल्या गोळ्या पाहाव्यात. निकाल माणसाच्या स्वतःच्या आधीच्या गुणांशी ताडून पाहावा. अठ्ठावीसवरून चोविसावर आलेल्या निवृत्त प्राध्यापकाची काळजी वर्षानुवर्षे बावीसवर स्थिर असलेल्या निरक्षर आजीपेक्षा जास्त केली पाहिजे. आणि गुणांचा कागद तपासलेल्या माणसाच्या हाती द्यावा. त्याच्या संमतीविना मुलांच्या हाती नाही.

यावर एक आक्षेप खरोखर टोचणारा आहे. तक्रारीची वाट पाहायची, तर जिची तक्रार करायला घरात कुणीच नाही तिचे काय? मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, नवरा गेलेला, गावात ती एकटी. लासीने ज्या खेड्यांत आणि ज्या स्त्रियांत आजार जास्त दाखवला, तक्रार नोंदवायची सोय तिथेच सर्वांत कमी आहे. आमच्या भूमिकेत ही फट आहे, आणि ती नाकारून चालणार नाही. म्हणून एकट्या राहणाऱ्या आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसांपर्यंत आरोग्य यंत्रणेने स्वतः जायला हवे. आशा सेविकेने दार ठोठावून आधी जेवण, गोळ्या, पैसे आणि पडझड यांची विचारपूस करावी. शंका आली तरच चाचणीपर्यंत जावे. आशांवर आधीच कामांचा डोंगर आहे, तेव्हा या कामाचे वेगळे मानधन आणि वेगळे प्रशिक्षण दिल्याशिवाय ते त्यांच्या माथी मारू नये. भजनी मंडळात रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला हा बदल डॉक्टरच्या आधी कळतो. तिने कुणाला सांगायचे, हे गावात ठरलेले असले पाहिजे.

पुढे औषधे स्वस्त आणि सुरक्षित झाली, रक्तचाचणी आपल्या लोकांवर नीट तपासली गेली, मराठीतल्या आणि आदिवासी भाषांतल्या चाचण्यांचे निरक्षरांसाठीचे प्रमाण ठरले, तर हा तोल बदलेल, आणि तेव्हा मत बदलायला आपण तयार असले पाहिजे. आज मात्र खर्चाचा क्रम उघड आहे. हाती असलेला रुपया आधी घरी जाऊन सांभाळणाऱ्यांना हात देणाऱ्या माणसांवर खर्च व्हावा, मग कान-डोळ्यांवर आणि रक्तदाबावर, मग आपल्या भाषांतल्या चाचण्या घडवणाऱ्या संशोधनावर, आणि सर्वांत शेवटी शिबिरांच्या मंडपावर. शिबीर भरवायचेच असेल, तर जितक्या घरांत सहा महिन्यांच्या आत पुन्हा जाता येईल तितक्याच माणसांची नावे लिहावीत. अहवालात तपासलेल्यांची संख्या छापण्यापेक्षा आपण किती घरांत दुसऱ्यांदा गेलो ती संख्या छापावी. वृद्धांच्या स्मृतीवरचे संशोधन आपल्या उपयोगी पडले की नाही, हे त्या दुसऱ्या आकड्यावरून ठरेल.